होय, नाही, गैरहजर : तळकोकणच्या खासदारकीचा आढावा

खासदाराचे काम तपासताना सहसा तीन गोष्टी पाहिल्या जातात: सभागृहात त्याने कोणत्या बाजूने मत दिले, बोलण्यासाठी आणि विचारण्यासाठी कोणते विषय निवडले, आणि मतदारसंघात प्रत्यक्ष काय घडवून आणले. रेडीपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणाऱ्यांची कारकीर्द १९५७ पासून या तीन कसोट्यांवर लावून पाहिली, तर मतदानाची नोंद, जी वरवर सर्वांत निर्विवाद वाटते, तीच सर्वांत कमी बोलकी ठरते, असे दिसून येते. मताचे मोल कमी आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु मत कोणत्या नियमांखाली पडते, कोणत्या विषयांवर ते पडतच नाही आणि न पडलेल्या मताचा अर्थ कसा लावायचा, हे उमगल्याखेरीज त्या नोंदीवरून कोणाचीही परीक्षा करता येत नाही.

हा मतदारसंघ पूर्वी राजापूर या नावाने ओळखला जाई आणि त्यात आजच्या सिंधुदुर्गाबरोबर राजापूर-लांज्याचा टापू येत असे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आले. १९५७ पासून येथून सात जण लोकसभेवर गेले: बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, ब्रिगेडियर सुधीर सावंत, सुरेश प्रभू, निलेश राणे, विनायक राऊत आणि २०२४ पासून नारायण राणे. जवळपास सात दशकांत सातच नावे, आणि त्यांतील पहिल्या दोघांच्या वाट्याला तेहेतीस-चौतीस वर्षे, ही बाब महाराष्ट्रात तशी विरळ आहे. ज्या प्रदेशातील सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ८,४९,६५१ वर उतरली, ज्याची कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरमानी म्हणून गेली आणि ज्याच्या घराघरांतल्या चुली मनीऑर्डरीवर पेटत राहिल्या, त्या प्रदेशाने दिल्लीला पाठवायच्या माणसाकडून वक्तृत्वाची, विद्वत्तेची आणि कधीतरी रेल्वे आणण्याची अपेक्षा धरली. रस्त्याचे आणि पाण्याचे गाऱ्हाणे मात्र ग्रामपंचायतीपासून मुंबईपर्यंत वेगळ्याच दारांत घातले गेले.

मतदानाच्या नोंदीचा विचार प्रथम करावा लागतो, कारण तिच्याभोवती गैरसमज अधिक आहेत. लोकसभेत एखादा प्रस्ताव मतास टाकला जातो तेव्हा अध्यक्ष बाजूच्या सदस्यांना ‘होय’ आणि विरोधातल्या सदस्यांना ‘नाही’ म्हणण्यास सांगतात, आवाजाचा अंदाज घेतात आणि निर्णय जाहीर करतात. याला आवाजी मतदान म्हणतात आणि बहुसंख्य विधेयके अशीच संमत होतात. एखाद्या सदस्याने त्या अंदाजाला हरकत घेऊन मतविभाजन मागितले, तरच घंटा वाजते, दारे बंद होतात, बटणे दाबली जातात आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद कार्यवृत्तात उमटते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणजे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. त्यामुळे तेथे मोजणी टळत नाही. एरवी ती अपवादानेच होते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सदस्य दोन वेगवेगळ्या दालनांतून चालत जाऊन मत नोंदवतात आणि अशी मतविभाजने तेथे नित्याची असल्यामुळे, तेथील खासदाराच्या मतांचा तक्ता मांडून त्यावरून त्याचा कल ओळखणे शक्य होते. भारतीय खासदाराचा तसा तक्ता मांडायला बसले, तर पाच वर्षांच्या कामकाजातली मोजकीच मते नावानिशी सापडतात, आणि तीही पक्षाने आधीच ठरवून दिलेली असतात.

पक्षाने ठरवून देण्याची ही व्यवस्था नेहमीच इतकी कडक नव्हती. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूरमधून निवडून आले, तेव्हा पक्षादेश, म्हणजे अमुक बाजूने मत द्या असा पक्षाच्या प्रतोदाने काढलेला हुकूम, मोडणाऱ्यावर पक्ष कारवाई करू शकत असे, पण त्याचे सदस्यत्व जात नसे. वेंगुर्ल्यात २५ सप्टेंबर १९२२ रोजी जन्मलेले, १९४२ च्या लढ्यातून आलेले आणि लंडनला बॅरिस्टर झालेले नाथ पै प्रजासमाजवादी पक्षाचे होते; विरोधी बाकांवरच्या छोट्या पक्षातल्या सदस्याच्या मताने सरकार हलण्याची शक्यता नव्हतीच. त्यामुळे त्यांचे संसदीय वजन मतांच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही. ते शोधावे लागते त्यांच्या भाषणांत आणि एका विधेयकात.

ते विधेयक खाजगी सदस्याचे होते. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला विधेयक मांडता येते, त्याला खाजगी सदस्याचे विधेयक म्हणतात, आणि त्यासाठी शुक्रवारच्या दुपारचे अडीच तास राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल दिला. जमीन सुधारणेच्या कायद्यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असल्याने समाजवाद्यांना तो खुपला. नाथ पै यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये, घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर खल झाला, पण ते संमत झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते व्यपगत झाले, म्हणजे सभागृहाबरोबरच निकाली निघाले, आणि तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै यांचे निधन झाले. सीमाभागाच्या हुतात्मा दिनाची सभा आदल्याच दिवशी झाली होती. त्यांच्या विधेयकाचा गाभा १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत सरकारने उचलला. म्हणजे ज्याच्या नावावर यशस्वी मतदानाची एकही नोंद नाही, त्या विधेयकाने राज्यघटनेच्या इतिहासात जागा घेतली. त्यांची भूमिका बरोबर होती काय, हा प्रश्न वेगळा. संसदेच्या अमर्याद अधिकाराचा अनुभव पुढे आणीबाणीत देशाने घेतला आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली ती बरी झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतील. समाजवादी खासदाराने मागितलेला अधिकार दुसऱ्यांच्या हाती गेला, की त्याचे काय होते, हे त्यांच्याच उत्तराधिकाऱ्याला भोगावे लागले.

मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा पाच निवडणुका त्यांनी राजापूरमधून जिंकल्या. त्यांतली १९८४ ची तर देशभर काँग्रेसची लाट असताना, जनता पक्षाचे जेमतेम दहा सदस्य निवडून आले त्या वर्षीची. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते बंगळूरला गेले असताना आणीबाणी पुकारली गेली आणि अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली. त्यानंतर २ नोव्हेंबर १९७६ रोजी लोकसभेने बेचाळिसावी घटनादुरुस्ती ३६६ विरुद्ध ४ मतांनी संमत केली, तेव्हा त्या चार मतांत राजापूरचे मत नव्हते. मतदानाचा तक्ता तेथे एकच शब्द लिहील: गैरहजर. तक्ता खोटे बोलत नाही, पण तुरुंग आणि उपाहारगृह यांत त्याला फरक करता येत नाही.

हाच शब्द बेचाळीस वर्षांनी पुन्हा आला. २० जुलै २०१८ रोजी नरेंद्र मोदी सरकारवरील अविश्वास प्रस्ताव ३२५ विरुद्ध १२६ मतांनी फेटाळला गेला, त्या वेळी शिवसेना केंद्रात आणि राज्यात सत्तेत भागीदार असूनही तिच्या सदस्यांनी कामकाजावर बहिष्कार टाकला. रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा तेव्हा शिवसेनेच्या विनायक राऊत यांच्याकडे होती. ही गैरहजेरी म्हणजे सरकारबरोबर राहायचे की नाही याचा निर्णय लांबणीवर टाकण्याचे राजकारण होते. १९७६ ची गैरहजेरी सक्तीची होती. दोन्ही नोंदी एकाच खान्यात पडतात आणि नुसत्या टक्केवारीवर विसंबणारा वाचक दोन्हींना एकच वजन देतो.

यांच्या मधल्या काळात नियमच बदलले. जानेवारी १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती एकमताने संमत झाली आणि दहावे परिशिष्ट घटनेत आले. त्यानुसार जो सदस्य स्वेच्छेने पक्ष सोडेल, किंवा पक्षादेशाविरुद्ध मत देईल, अथवा पक्षादेश असताना परवानगीवाचून मतदानापासून दूर राहील आणि पक्ष त्याला पंधरा दिवसांत माफ करणार नाही, त्याचे सदस्यत्व रद्द होऊ शकते. आयाराम-गयारामांना आळा घालणे हा हेतू होता आणि तो रास्त होता, परंतु परिणाम असा झाला की खासदाराचे मत हे त्याचे स्वतःचे उरले नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने कोसळले, त्या दिवशी देशातले प्रत्येक मत सोन्याच्या मोलाचे होते. तरी राजापूरचे खासदार सुरेश प्रभू मंत्रिमंडळातच असल्यामुळे, सावंतवाडीच्या किंवा मालवणच्या मतदाराला आपल्या प्रतिनिधीच्या मताविषयी उत्सुकता वाटण्याचे कारण नव्हते.

या व्यवस्थेचा सर्वांत विचित्र प्रसंग २०२२ नंतर घडला. शिवसेना फुटली, राऊत उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले आणि लोकसभेतील गटनेतेपद, जे तोवर राऊत यांच्याकडे होते, ते जुलै २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्षांनी दुसऱ्या गटाच्या राहुल शेवाळे यांना दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्हही एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. मग राऊत यांना कोणाचा पक्षादेश लागू, हा प्रश्न घटनेच्या अभ्यासकांना रंजक आणि संबंधित खासदाराला जिकिरीचा होता. ऑगस्ट २०२३ मधील अविश्वास प्रस्ताव त्याचा निकाल लावू शकला असता. पण तो आवाजी मतदानानेच फेटाळला गेला आणि कोणाचेही नाव कोठेही नोंदले गेले नाही.

नोंद झालेल्या ठळक मतांकडे पाहिले तरी चित्र फारसे बदलत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक लोकसभेत ३७० विरुद्ध ७० मतांनी आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाले. दोन्ही वेळी शिवसेना बाजूने होती. दुसऱ्या विधेयकावर राज्यसभेत मात्र, दोनच दिवसांनी, तिने सभात्याग केला, कारण त्या पंधरवड्यात महाराष्ट्रात काँग्रेस व राष्ट्रवादीबरोबर तिचे सरकार आले होते. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक २८८ विरुद्ध २३२ असे पार पडले, तोवर येथील जागा भारतीय जनता पक्षाकडे आलेली होती आणि पक्ष विधेयकाचा कर्ताच होता. अशा प्रत्येक वेळी मतदारसंघाचे मत कोठे पडले यापेक्षा मुंबईत आणि दिल्लीत त्या आठवड्यात कोण कोणाबरोबर होते, हेच कळते.

आता ज्या विषयांवर मत पडतच नाही त्यांच्याकडे वळावे लागते, आणि मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर तेथेच खरी गोम आहे. रापण हा येथील जुना मासेमारीचा प्रकार. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळाकार फेरा घेते, जाळे सोडीत सोडीत पुन्हा काठाला लागते, आणि मग दोन्ही बाजूंचे दोर माणसे रांगेने धरून पाय वाळूत रोवीत ते जाळे खेचतात. तारली, बांगडा, पेडवे जे काही येईल त्याचे वाटे पडतात, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा. या मासेमारीला किनाऱ्याजवळ मासळी यावी लागते. ती वाटेतच अडवली जाते हे पारंपरिक मच्छीमारांचे गाऱ्हाणे आहे: पर्ससीन जाळे, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालून तळाचा दोर ओढताच बटव्यासारखे मिटणारे जाळे, आणि त्याच्या जोडीला रात्री प्रखर एलईडी दिव्यांचा झोत टाकून मासळी एकत्र आणण्याची रीत, शिवाय परराज्यांतून येणारे वेगवान ट्रॉलर. एका वेढ्यात पर्ससीन जे नेते त्यासाठी रापणीला किती दिवस वाळूत पाय रोवावे लागतील, हा हिशेब तेथे कोणीही तोंडी सांगू शकतो.

या प्रश्नात खासदाराचे मत कोठे येते? घटनेच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी हा राज्य सूचीतला विषय आहे. प्रादेशिक जलधीच्या पलीकडली, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, सुमारे २२ किलोमीटरच्या, बाहेरची मासेमारी तेवढी केंद्राकडे आहे. आतल्या पाण्याला महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू होतो, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक केली ती विधिमंडळाने, आणि पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले तेही राज्य सरकारच्या आदेशाने. बाहेरच्या पाण्यात एलईडीच्या साहाय्याने मासेमारीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आली ती केंद्रीय मंत्रालयाच्या आदेशाने. मासळीला बारा मैलांची रेघ दिसत नाही आणि रात्रीच्या काळोखात ती नौकांनाही दिसत नसावी. केंद्राच्या सागरी मत्स्यव्यवसाय विधेयकाचा मसुदा २०२१ मध्ये गाजला, पण तो संसदेत मतास आला नाही. मालवणच्या मच्छीमाराला जो प्रश्न पोटाचा आहे, त्यावर त्याच्या खासदाराने ‘होय’ म्हटले की ‘नाही’, असे विचारण्याची सोयच नाही.

किनारा नियमन क्षेत्राचेही तसेच आहे. भरतीरेषेपासून किती अंतरावर बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचना या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मंत्रालयाने काढलेल्या आहेत. अधिसूचना म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारने राजपत्रात प्रसिद्ध केलेला आदेश. त्यावर सभागृहात मतदान घ्यावे लागत नाही. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर न्याहारी-निवासाची खोली वाढवायची असो किंवा मच्छीमाराला आपल्याच वाडीत घर दुरुस्त करायचे असो, दोघांनाही या अधिसूचनांतली अंतरे मोजावी लागतात. २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तेही सरकारी अधिसूचनेने. राजापूर तालुक्यातील नाणार आणि देवगड तालुक्यातील गिर्ये-रामेश्वर या बाजूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली ती राज्याच्या औद्योगिक कायद्याखाली, आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली तीही राज्याच्याच निर्णयाने. राऊत यांनी त्या निवडणुकीत १,७८,३२२ मतांनी विजय मिळवला आणि नाणारचा विरोध हा त्यांच्या प्रचाराचा एक आधार होता. मात्र लोकसभेत त्या विषयावर कधी मतदान झालेले नव्हते.

मग खासदाराच्या हाती काय उरते? प्रश्न विचारणे उरते, आणि ते लहान काम नाही. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. दिवसाला वीसच तारांकित प्रश्न चिठ्ठ्या काढून निवडले जातात. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. शून्य प्रहरात आणि नियम ३७७ खाली तातडीचा किंवा मतदारसंघाचा विषय मांडता येतो. या आयुधांतून खासदाराचा अग्रक्रम मतांपेक्षा अधिक खरेपणाने उमगतो, कारण काय विचारायचे हे पक्षादेश सांगत नाही. पीआरएस या संसदीय अभ्यास संस्थेने २००५ नंतर हजेरी, चर्चा, प्रश्न आणि खाजगी विधेयके यांची मोजदाद सर्वांसाठी खुली केली, हे मोठे काम झाले. पण संख्येचा मोहही त्यातूनच आला. एकच प्रश्न पंचवीस सदस्यांच्या नावे छापला जातो, आणि एलईडी मासेमारीवर किती कारवाया झाल्या असा एक नेमका, पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न देशभरातल्या योजनांच्या तपशिलांच्या पन्नास प्रश्नांहून मोलाचा असू शकतो. मंत्र्यांचे तर या तक्त्यात नावच नसते, कारण ते हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि प्रश्न विचारीत नाहीत, उत्तरे देतात. प्रभू हे १९९८ ते २००२ या काळात बहुतांशी मंत्री होते. त्यांच्या ऊर्जा खात्याच्या कारकिर्दीत ज्या वीज विधेयकाची तयारी झाली त्याचा २००३ मध्ये कायदा झाला, आणि तोवर पक्षप्रमुखांच्या इच्छेने त्यांना मंत्रिपद सोडावे लागले होते. राष्ट्रीय पातळीवर हे काम मोठे. मतदारसंघाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. २००९ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले.

मतदारसंघातील कामाचा विचार स्थानिक क्षेत्र विकास निधीपाशी अडखळतो. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. निधी प्रथम ५ लाख, मग १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये झाला, आणि कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून सुमारे दीड वर्ष, तो गोठवला गेला. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून होतो. पाच कोटी हा आकडा फलकावर भारदस्त दिसतो, परंतु सहा विधानसभा मतदारसंघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ८३ लाख येतात, आणि तेवढ्याच भूभागात आमदाराकडे स्वतःचा वेगळा ५ कोटींचा निधी असतो. त्यातून वाडीची पाखाडी होते, ओहोळावर साकव पडतो, देवळापुढे सभामंडप उभा राहतो, स्मशानशेडला पत्रे येतात. ही कामे क्षुल्लक नाहीत. पावसाळ्यात साकव नसला की शाळा बुडते. पण ती जिल्हा परिषदेने करायची कामे आहेत, आणि त्यांच्या उद्‌घाटनाच्या छायाचित्रांवरून खासदाराची योग्यता ठरवायची, तर मग त्याला दिल्लीला पाठवण्याचे प्रयोजन उरत नाही. नाथ पै यांना असा निधी मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि दंडवते १९९१ मध्ये पराभूत झाले तेव्हाही ही योजना जन्मली नव्हती.

सध्याची रचना याबाबतीत आणखी गुंतागुंतीची आहे. नारायण राणे २०२४ मध्ये ४७,८५८ मतांनी विजयी झाले, त्याआधी ते राज्यसभेत आणि केंद्रीय मंत्रिमंडळात होते. त्याच वर्षाअखेर झालेल्या विधानसभा निवडणुकीनंतर कणकवलीचे आमदार नितेश राणे राज्याचे मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री झाले आणि कुडाळमधून निलेश राणे विधानसभेत आले. म्हणजे बारा मैलांच्या आतले पाणी ज्या खात्याकडे आहे तेथे मुलगा, आणि बाहेरच्या पाण्याविषयी ज्या सभागृहात विचारता येते तेथे वडील, अशी विभागणी झाली. अधिकारांच्या दोन सूचींमुळे आजवर मच्छीमारांना मिळत आलेले ‘हे आमच्याकडे नाही’ हे उत्तर आता तरी ऐकू येऊ नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही. चिपी विमानतळाचा अनुभव मात्र सावध करणारा आहे: ९ ऑक्टोबर २०२१ च्या उद्‌घाटनाच्या वेळी श्रेय कोणाचे यावर जितके बोलले गेले, तितका विचार विमाने नियमित उडत राहावीत यासाठी झाला असता, तर पुढे सेवा खंडित होण्याची वेळ कदाचित आली नसती.

खरोखर ज्या कामावरून या मतदारसंघाचे खासदार तोलता येतात ते काम एकच आहे, कोकण रेल्वे, आणि तेच कोणा एकाच्या पाच वर्षांत बसत नाही. नाथ पै यांनी तिची मागणी लोकसभेत लावून धरली. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम आणून त्यांनी देशभरच्या प्रवाशांचा दुवा घेतला, तो निर्णय मतदारसंघापुरता नव्हता, आणि आपटा-रोहा मार्गाला चालना दिली, त्यावर रोह्यापर्यंत गाडी पोचायला १९८६ उजाडले. १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री अशी जोडी जमली, तेव्हा नेहमीच्या अंदाजपत्रकी तरतुदीची वाट न पाहता स्वतंत्र महामंडळ काढून रोख्यांतून पैसा उभारायचा मार्ग निघाला. रेल्वेचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळचे प्रत्येकी ६ टक्के भाग ठरले, जुलै १९९० मध्ये कंपनी नोंदली गेली आणि ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दंडवते निवडणूक हरले. काम सुरू करून दिल्याचे बक्षीस मतदारांनी दिले नाही, असे म्हणता येईल. पण त्या वेळी तळकोकणात रुळाचा एक तुकडाही दिसत नव्हता, हेही खरे. प्रभू यांनी २०१४ नंतर रेल्वेमंत्री या नात्याने, राज्यसभेचे सदस्य असताना, सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ मध्ये केली, आणि त्या टर्मिनसच्या अपुऱ्या कामासाठी प्रवासी संघटना अजून आंदोलने करीत आहेत.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सलग वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. अकरावी लोकसभा ४ डिसेंबर १९९७ रोजीच विसर्जित झालेली होती आणि नव्या निवडणुका व्हायच्या होत्या. कोकण रेल्वे तळकोकणातून पहिल्यांदा आरपार धावली त्या दिवशी राजापूर मतदारसंघाला खासदार नव्हता.